गाळलेल्या शब्दांची यादी

कोंडीराम : परत वाच. सावकाश वाच.

जयवंत : "सदर वर्णनाची एकही नोंद आढळली नाही." खाली साहेबांची सही आणि शिक्का.

कोंडीराम : आन् कोपऱ्यात त्यो बारीक आकडा?

जयवंत : तो मशीनचा आहे, आबा. शून्य.

(कासार आंबोली, १९८८. रविवारची सकाळ. जयवंत पुण्यात जमिनींच्या सरकारी दप्तरखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो. सुट्टीला बापाकडे आलाय. त्याची चुलती भीमाबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलीय.)

कोंडीराम : शून्य. वतनं खालसा झाली तवा बासष्ट साली माज्या बापानं आपली जमीन सरकारातनं परत नावावर करून घ्येतली. मी संगं हुतो पौडाला. मामलेदारानं हुकूम वाचून दावला, बापानं अंगठा केला, आन् माघारी येताना मला भजी खायला घातली. त्यो हुकूम झालाच न्हाई म्हनं. बुधवारी प्रांतापुढं तारीख हाय. पाटलाचा पोरगा जमीन आपलीच म्हनून बंगलेवाल्याला इकायला बसलाय, आन् त्याच्या वकिलानं तुज्या हापिसाचा ह्योच कागद म्होरं केलाय.

जयवंत : हुकूम आहे, आबा.

कोंडीराम : काय?

जयवंत : आहे. काल मी बघितला. आजोबांचं नाव, सर्व्हे नंबर, तारीख, सगळं. मशीनमध्येच आहे, टाइप केलेला.

भीमाबाई : मग त्ये न्हाई कशापायी म्हनतंय?

जयवंत : कसं सांगू, काकू. आत दोन लाख कागद आहेत. दर अर्जाला सगळे वाचत बसलं तर मशीनचा अर्धा दिवस जातो. म्हणून त्या युनिक्सच्या मशीनवर मी एक प्रोग्राम बसवला. तो सगळे कागद आधीच वाचून ठेवतो, कुठला शब्द कुठल्या कागदावर आहे त्याची यादी करतो. साहेबांनी शब्द विचारला की नुसती यादी बघायची, उत्तर लगेच.

भीमाबाई : चांगलं हाय की मग.

जयवंत : चांगलंच होतं. पण यादी फुगत गेली. डिस्कवर जागा उरेना, मशीन दर शनिवारी अडकून बसायचं आणि मला धावत जाऊन चालू करावं लागायचं. पुस्तकात उपाय दिला होता. जे शब्द पानापानावर येतात ते यादीतून गाळा, 'आणि', 'पासून', 'मौजे' असले. ते शोधायला कोण येतंय. मी मशीनलाच मोजायला लावलं, सगळ्यात जास्त आलेले दोनशे शब्द काढ म्हणून. आणि ते गाळले.

कोंडीराम : त्यात काय काय ग्येलं?

जयवंत : 'तालुका' गेला. 'सरकार' गेलं. 'वतन' गेलं.

कोंडीराम : आनखी.

जयवंत : आम्ही आधी वतनांचीच दप्तरं भरली होती ना, तर...

कोंडीराम : आनखी काय ग्येलं, जया?

जयवंत : 'महार' गेला.

भीमाबाई : जे लई येळा आलं त्येच गाळलं व्हय तुमी.

जयवंत : साहेब अर्जावर असतं तसंच टाइप करतात, काकू. महार वतन, कासार आंबोली. विचारलेल्यातला एक जरी शब्द यादीत नसला की मशीन शून्य सांगून मोकळं.

कोंडीराम : कुनाला नवल न्हाई वाटलं? परत्येक वतनाला शून्य?

जयवंत : साहेब म्हणाले, या लोकांचे कागद कुठून असणार.

कोंडीराम : त्याचं ऱ्हाऊ दे. तुला दिसली न्हवती का ही गाळलेल्या शबुदांची यादी?

जयवंत : दिसली होती. छापून घेतली होती.

कोंडीराम : मग?

जयवंत : बरं वाटलं मला.

भीमाबाई : काय बोलतोस तू.

जयवंत : खरं तेच बोलतोय. तो शब्द दिवसभर पडद्यावर यायचा. बाकीचे माझ्या खुर्चीमागं उभे राहून मोठ्यानं वाचायचे, आणि हसायचे. मी कोण ते त्यांना ठाऊक नाही. आडनावावरून कळत नाही आणि मी सांगितलं नाही. यादीत दिसला तेव्हा वाटलं, मशीनच म्हणतंय गाळा, तर जाऊ दे. मग चौदा महिने मी तिकडं बघितलंच नाही. परवा निकाली अर्जांच्या गठ्ठ्यात पाटलांच्या वकिलाचा अर्ज दिसला, गावाचं नाव बघून काल हातानं शोधलं, तेव्हा कळलं.

कोंडीराम : चवदा म्हैन्यात असं कागद किती ग्येलं?

जयवंत : दोनशे अकरा. मुळशी, मावळ, वेल्हे.

भीमाबाई : पौडाची तुळजाबाई बी ग्येली हुती अर्ज घ्येऊन. तिचं त्यातच का?

जयवंत : असेल.

भीमाबाई : असंल म्हनू नगंस. हाय का न्हाई त्ये सांग.

जयवंत : आहे. तिचाही हुकूम आत आहे.

भीमाबाई : त्यो कागद घ्येऊन ती हितं आली हुती. ह्याच उंबऱ्यात बसली. म्हनली, नवरा जलमभर मला खोटं सांगत आला, आपली जमीन हाय म्हनून. मेलेल्या मानसाला तिनं शिव्या दिल्या. त्याचा फोटू भितीवरनं काढला. आन् मी तिला म्हनलं, बाई, पुरुषाची जात अशीच. मी म्हनलं त्ये.

जयवंत : आपल्या हुकुमाची प्रत आणलीय, आबा. सही नाही, पण दप्तराचा नंबर आहे. त्यावरून वकील मूळ कागद मागवू शकतो. बुधवारी लावा.

कोंडीराम : आन् बाकीच्यांचं?

जयवंत : उद्यापासून ते शब्द गाळायचं बंद करतो. नवी यादी व्हायला दोन दिवस जातील. इथून पुढं सगळं बरोबर येईल.

कोंडीराम : मी म्हागलं इचारतोय.

जयवंत : साहेबांना काल सांगितलं, यादीत चूक आहे म्हणून. ते म्हणाले, गुपचूप दुरुस्त कर, दिलेले दाखले दिलेले. बदलायचे तर वर लेखी द्यावं लागेल. काय गाळलं, कुणी गाळलं, का गाळलं. माझी नोकरी अजून कायम नाही, आबा.

कोंडीराम : साहेबाला सांगितलंस का, कंचा शबुद त्यो?

जयवंत : नाही.

कोंडीराम : दे ती नक्कल हिकडं. बुधवारी लावतो. जमीन माज्या बापाची हाय, ती सोडनार न्हाई. पर तुज्या हातनं घेताना लाज वाटतीया, एवढं ध्यानात ठेव.

भीमाबाई : तुळजाबाईला कोन सांगनार? तिचा नवरा खरं बोलत हुता म्हनून.

जयवंत : मी जातो, काकू. दुपारच्या एसटीनं पौडला उतरतो.

भीमाबाई : जाऊन काय सांगशील?

जयवंत : सांगतो, मशीनची चूक झाली.

कोंडीराम : मग तू नगंस जाऊ. मी जातो. माज्या पोरानं गाळलं म्हनून सांगतो तिला.