अकरा जण गेले कुठे?

नाही, पण मला एवढंच सांगा, अकरा जण गेले कुठे? माणसं होती हो, पपईच्या बिया नव्हत्या! बसा, बसा, नारळ फोडतो… तर तुम्हाला सांगतो, आमच्या आयतुताकी बेटावर खापरपणजोबांच्या जमिनीचे सारखे शहाण्णव वाटे. त्यातला एक माझा. आणि आत्या, भाऊ, चुलते असे अकरा जण मूलबाळ नसताना गेले, त्यांचेही माझ्याकडे आले. म्हणजे शहाण्णवातले बारा. अकराही जण इथंच पुरलेत, दारासमोर. रोज दोन शब्द बोलतो त्यांच्याशी. शेजारधर्म आहे.

आता जमीन-कचेरीचा कागद करायचा, तर सून अकाइती, शाळेत गणित शिकवते ती, म्हणाली, "पापा, वर बाराने भागा, खाली बाराने भागा. झालं, एक अष्टमांश! अतिसंक्षिप्त रूप." म्हटलं, "आणि अकरा जण?" "तेवढंच आहे हो पापा, काही कमी झालं नाही!" तेवढंच आहे, म्हणे!

दिवेलागण झाली, आणि… आले की सगळे आपापल्या थडग्यावर बसायला! तेरेआपी आत्या, जिवंतपणीही तिचा आवाज खाडीपलीकडच्या बेटावर जायचा: "काय रे तुआइने, बारातला एकच उरला म्हणे. कोण तो? तूच ना?" रोंगो, माझा थोरला भाऊ: "लहानपणापासून असाच हा! मासा वाटायला बसला की डोकं याच्याच पानात." म्हटलं, दादा, तेवढंच आहे रे. "तेवढंच असेल तर तू नीघ की, मी राहतो!" भीती भुतांची नाही हो वाटली… ती खरं बोलत होती, त्याची. उद्या मी गेलो की मलाही कुणीतरी बाराने भागणारच ना?

सकाळी कचेरी गाठली. म्हटलं, "बाबा, वर बाराच लिही. खाली शहाण्णवच." कारकून हसला, "अहो, तेवढंच आहे!" म्हटलं, तेवढंच आहे ना? मग लिहायला तुझं काय जातं? लिहिलं बिचाऱ्यानं.

घरी आलो. दिवेलागणीला अकराही जण आले, पण तक्रार नाही. वाटलं, सुटलो… तर कुंपणाशी ही गर्दी! बाकीच्या घरांतले मेलेले. त्यांच्या पोरांनी उरलेल्या चौऱ्याऐंशी वाट्यांचे सात अष्टमांश करून टाकलेत ना! "तुआइने, तुझ्याकडे कुणाला गाळत नाहीत म्हणे?"

आता काय करता… आमच्या अकरा जणांना म्हटलं, जरा सरकून बसा, मी चटया आणतो.