दोन कॉलेजं आणि एक डोळा

डोळ्यांत थेंब घालून नर्सने बजावलं होतं, पंधरा मिनिटं डोळे मिटून बसा. म्हणून शिंपीणबाई मुकाट बसल्या होत्या. कान मात्र शेजारच्या बाकावरच्या बापलेकीकडे.

"बाबा, डोळ्याच्या पट्टीला हात लावू नका."

"नाही लावत. तू ते मोठं कॉलेजच घे. अख्ख्या छापखान्यात सांगून बसलोय मी."

"मला न विचारता?"

"आनंद झाला, सांगितलं. फीचं काय, बाप बसलाय ना कर्ज काढायला!"

"आणि दुसरं कॉलेज एम.एस्सी.ची दोन्ही वर्षं फुकट शिकवतंय, वर दरमहा खर्चाला देतंय, ते?"

"त्याचं नाव तरी ऐकलंय का कुणी?"

"तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन केलं, त्या डॉक्टरीणबाई कुठल्या कॉलेजच्या?"

"मला काय ठाऊक? पण हात काय हलका आहे बाईंचा! कळलंसुद्धा नाही."

"विचारलं नाहीत?"

"ते कशाला विचारायचं..."

शिंपीणबाईंना राहवेना, त्यांनी हळूच एक डोळा किलकिला केला.

"हसतेस काय? नाव सांग त्या दुसऱ्या कॉलेजचं. सावकाश सांग. सोमवारी छापखान्यात पहिल्यापासून सांगत बसायचंय मला."