उद्या कुणाला मागे ठेवाल?

काका : माझं ऐक, आधी सिग्नलच्या, म्हणजे संदेशवहनाच्या, पलटणीत जा. दोन-तीन वर्षं तिथे घासून निघ. मग कमांडोंसाठी अर्ज कर.

(टायर-पंक्चरचं दुकान. बाबा स्टुलावर बसून ट्यूब पाण्याच्या टबात दाबतो आहे. समोर काका, म्हणजे त्याचा सैन्यातला दोस्त, आता निवृत्त, आणि बाबाची मुलगी.)

मुलगी : पण काका, भरतीवाले मला थेट कमांडोंच्या निवडीला बसवतायत! सोमवारी हो की नाही सांगायचंय. नाही म्हटलं तर थेट जायचं दार कायमचं बंद. समोर वाढलेलं ताट कुणी लाथाडतं का?

काका : थेट गेलेले बहुतेक परत येतात, बाळा.

मुलगी : तुम्ही कुठे आलात? अख्खी नोकरी तिथेच काढलीत.

काका : मी पलटणीतून गेलो. तुझा बापही माझ्याबरोबरच गेला.

मुलगी : आणि बाबांचा गुडघा ऐनवेळी दगा देऊन गेला. नशीब!

बाबा : नशीब कसलं? या पठ्ठ्यानं माझं नाव घेतलं.

काका : अरे, कशाला उकरून काढतोस?

बाबा : सोमवारच्या आत तिला कळलेलं बरं. कमांडोंच्या निवडीतल्या शेवटच्या लांब पायपिटीची आदली संध्याकाळ. पायांच्या पार चिंध्या झालेल्या. आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादानं रांगेत उभं केलं आणि म्हणाला, एकेकानं मोठ्यानं सांगा, उद्या कुणाला मागे ठेवाल? ज्याचं ज्याच्याशी पटत नव्हतं, त्यानं त्याचं नाव घेतलं. एक शहाणा स्वतःचंच म्हणाला.

मुलगी : वा! याला म्हणतात दिलदारी.

काका : त्याला लगेच गाडीत बसवून परत पाठवला. स्वतःला ओझं समजणारा दुसऱ्याला काय उचलणार?

बाबा : मग याची पाळी. एका ताटात जेवायचो आम्ही. यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ माझं नाव घेतलं.

मुलगी : काका! तुम्ही?

बाबा : त्याच्यावर डाफरू नकोस. गुडघा केव्हाच गेला होता माझा. पट्टी आवळून, दातओठ खात चालत होतो. कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

काका : उतारावर दरवेळी दुखरा उजवाच पाय आधी टाकायचा हा. मागून चालणाऱ्याला दिसतं ते.

बाबा : दुसऱ्या दिवशी दोराला धरून नदी ओलांडायची होती. यानं मला थांबवलं नसतं आणि मी घसरलो असतो, तर मागच्या चौघांना घेऊन गेलो असतो.

मुलगी : राग नाही आला?

बाबा : आला ना! वर्षभर याचं तोंड पाहिलं नाही. मग एक दिवस सुट्टीवर आला आणि दुकानाच्या दारात उभा. म्हणे, पंक्चर काढ. हातात नुसतं चाक! ट्यूब टबात फिरवफिरव फिरवली, एक बुडबुडा येईल तर शपथ.

काका : बोलायला काहीतरी निमित्त नको का?

बाबा : पोरी, जिवावर उदार झालेली माणसं मी पुष्कळ पाहिली. पण दोस्ताचं नाव त्याच्या देखत घ्यायला जी छाती लागते, ती यालाच होती. अभिमान वाटतो मला याचा. आज तोंडावर सांगतो.

काका : पुरे रे. बोबडी वळली होती तेव्हा माझी.

मुलगी : काका, मी त्या रांगेत असते, तर माझं नाव घेतलं असतंत?

काका : मी नसणार ना तिथे! म्हणून तर पलटणीत जा म्हणतो. तिथे तुझी चाल ओळखणारी माणसं मिळतील. आणि तुलाही त्यांची ओळखता येईल. त्याशिवाय तिकडे जाऊन काय करशील?

मुलगी : सिग्नल सांगते सोमवारी.

बाबा : आं? सकाळी तर माझ्याशी कडाकडा भांडत होतीस!

मुलगी : घोटा दुखतोय, बाबा. बरेच दिवस झाले. पट्टी बांधून धावते. वाटलं, निवड होईपर्यंत रेटून नेऊ.

काका : दुकानाची पायरी चढलीस तेव्हाच दिसलं. म्हटलं, स्वतःहून बोलतेस का बघू.

बाबा : आणि मी रोज एका घरात राहून आंधळा! कुठला घोटा?

मुलगी : उजवा.

बाबा : हे घे स्टूल. बस. बूट काढ.