अंबादास पेंटर संगणक घेतात

मंडळी, बसून घ्या. मागच्यांनी पुढं सरका, सतरंजी रिकामी आहे आणि देवाच्या दारात मागं बसल्याचं काही बक्षीस नसतं. हं.

आजचा प्रश्न साधा आहे. आपण रोज देवाकडे काही ना काही मागतो. घर मागतो, नोकरी मागतो, सून चांगली मिळू दे म्हणतो. हसू नका, त्याच वेळी दुसऱ्या देवळात ती सून चांगली सासू मागत असते. मागण्यात गैर काही नाही. लेकरानं आईकडे नाही मागायचं, तर मागायचं कुणाकडे? पण मला सांगा, मागताना आपल्याला ठाऊक असतं का, आपल्याला नेमकं लागतं काय? की शेजाऱ्याच्या दारात जे दिसलं तेच आपण आपलं म्हणून मागत सुटतो?

लगेच माना डोलवू नका. आधी आख्यान ऐका. पुराणातलं नाही, बार्शीचं आहे. त्यात राक्षस नाही, शाप नाही. एक जावई आहे.

तर बार्शीत अंबादास चिंचकर नावाचे गृहस्थ. पण चिंचकर म्हणून विचाराल तर घर सापडायचं नाही. अंबादास पेंटर म्हणा, पोरंसोरंही दारात आणून सोडतील. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्यांनी. किराणा, कापड, सराफ — दुकान बघून अक्षराचं वळण ठरवायचे. सराफाचं अक्षर नाजूक, लोखंडवाल्याचं ठसठशीत. मिठाईवाल्याच्या पाटीतला 'ल' तर असा गोल काढायचे, की बघणाऱ्याला लाडू आठवावा.

एकदा शाळेच्या भिंतीवर नाव लिहीत होते. शिडीवर उभे, हातात ब्रश. 'विद्यालय' मधला 'द्य' काढताना रेघ हलली. पुसली, पुन्हा काढली. पुन्हा हलली. तिसऱ्यांदा त्यांनी ब्रश डब्यात ठेवला आणि ते खाली उतरले. डॉक्टर म्हणाले, "कंप आहे. जिवाला धोका नाही, पण हात पहिल्यासारखा स्थिर व्हायचा नाही."

जिवाला धोका नाही, म्हणे. आता मंडळी, ज्याचा जीवच हातात, त्याला हे काय सांगणं झालं?

अंबादास घरी बसले. मालनबाई, त्यांची पत्नी, भाजी निवडायला देत, तर हे मेथीच्या काड्या ताटात ओळीनं मांडत बसायचे. एक दिवस त्या म्हणाल्या, "अहो, बाजारात चक्कर मारून या. माझी मेथी तरी शिजेल."

गेले. आणि बाजारात बघतात तो जिकडेतिकडे छापील फलक. सगळी अक्षरं एका साच्यातली. सराफही तसाच, लोखंडवालाही तसाच. एका मंगल कार्यालयाच्या दारावर तर आशीर्वादाचा रफार 'वा' वर असायचा, तो एक घर मागं 'शी' वर येऊन बसलेला.  फलक कुणी छापला ते विचारत विचारत अंबादास नसीम शेख यांच्या दुकानात पोचले. बाई स्वतः दुकान चालवायच्या, कामाला वाघीण.

अंबादास म्हणाले, "बाई, तुमच्या फलकावर लग्न करणाऱ्यांना अर्धाच आशीर्वाद मिळेल."

नसीमबाईंना राग नाही आला. त्या खळखळून हसल्या. "काका, माझ्याकडं छापायचं मशीन आहे, अक्षर नाही. तुम्ही अक्षरं काढा, मी छापते. दिवाळीला निम्मा बाजार नव्या पाट्या लावणार आहे."

"हात हलतो माझा."

"बसा इथं."

आणि त्यांनी अंबादासांना आपल्या संगणकापुढं बसवलं. पडद्यावर एक 'अ' होता. त्याच्या कडेकडेनं ठिपके. "हा ठिपका धरा," त्या म्हणाल्या. "हात हलला तर हलू दे. मग हे बाणाचं बटण दाबा. ठिपका केसभर सरकतो. पाहिजे तिथं आला की थांबा."

अंबादासांनी बटण दाबलं. ठिपका सरकला, 'अ' च्या पोटाला गोलाई आली. अजून एकदा दाबलं. रेघ हलली नाही. बोट थरथरत होतं, रेघ मात्र जागच्या जागी. ते बराच वेळ त्या 'अ' कडे बघत राहिले. मग चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छ होता, मंडळी.

घरी येऊन म्हणाले, "मालन, मी संगणक घेणार."

मालनबाईंनी एवढंच विचारलं, "शिकाल?" ते म्हणाले, "शिकेन." विषय संपला. बाजूला ठेवलेले पैसे होते, त्यात बसेल तेवढं घ्यायचं ठरलं.

पण संगणक घ्यायचा म्हटल्यावर काय होतं ठाऊक आहे का? सगळा गाव गुरू होतो. एक म्हणाला, सुटे भाग आणून जोडून घ्या, स्वस्त पडतं. दुसरा म्हणाला, प्रोसेसर सगळ्यात वरचा घ्या. तिसऱ्याला स्वतःला संगणक चालू करता येत नव्हता, पण त्याचा सल्ला सगळ्यांत लांब. मालनबाईंनी सुट्या भागांचा निकाल तिथंच लावला. "रंग तुम्ही घरी खलत होता, कारण तुम्हाला रंग कळत होता. ह्यातलं आपल्याला काही कळत नाही. तयार घ्या. बिघडलं तर दुकानदाराच्या दारात नेऊन ठेवता येईल."

आणि मग, मंडळी, पुण्याहून जावई आले. सुहासराव. माणूस सोन्यासारखा, हे आधीच सांगतो, कारण इथंही बरेच जावई बसलेत. पुण्यात कंपनीत नोकरी, संगणकातलं सगळं कळणारे. सासऱ्यांना संगणक घ्यायचाय म्हटल्यावर रजा टाकून आले. दोघं मिळून सोलापूरच्या एका दुकानात गेले.

दुकानात शिरताच सुहासराव एका यंत्रापुढं थांबले. काय त्याचा थाट! काचेची पेटी, आत पंखे फिरतायत, निळा, तांबडा, हिरवा उजेड. रथयात्रेतला रथ जणू. "मामा, हेच घ्यायचं," ते म्हणाले. "ह्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे. कुठलाही खेळ पळेल."

अंबादास म्हणाले, "मी कुठं खेळणार आहे?"

"अहो, ताकद असलेली बरी. पैसे थोडे वर जातील, ते मी घालतो."

आता आली का पंचाईत? जावई प्रेमानं बोलतोय, रजा काढून आलाय. नाही म्हणावं तर त्याचं मन मोडतं. हो म्हणावं तर लेकीच्या घरातले पैसे लागतात, आणि ते काही अंबादासांना गोड वाटेना. शिवाय आपल्याला कळतंय तरी काय? रॅम म्हणजे काय, कार्ड म्हणजे काय? जाणता माणूस सांगतोय, ऐकावं आणि मोकळं व्हावं. मान हलवायला ते तयारही झाले होते.

तेवढ्यात दुकानदारानं त्या रथासोबत मिळणारा पडदा चालू केला. पडद्यावर गणपतीचं चित्र, शेंदरी. अंबादास सवयीनं एक पाऊल डावीकडे सरले. पाटी रंगवणारा समोरून कधी बघत नाही, मंडळी. बाजारातून चालणाऱ्याला कशी दिसेल ते बघायला तो बाजूनं बघतो. आणि बाजूनं बघतात, तर शेंदूर उडालेला. उजवीकडे सरले, तर शेंदराचा विटकरी झालेला.

"ह्याचा रंग जागेवर राहत नाही," ते म्हणाले.

दुकानदार म्हणाला, "समोर बसूनच बघायचंय ना काका."

अंबादास दुकानभर फिरले. कोपऱ्यात एक मोठा पडदा होता, त्यावर तेच चित्र लावायला सांगितलं. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, गुडघ्यावर हात ठेवून खालून बघितलं. शेंदूर शेंदूरच. इतका वेळ चाचपडणारा माणूस आता ताठ उभा राहिला, कारण आता त्याच्या ओळखीचा प्रांत आला होता. संगणक कळत नव्हता, पण रंग कळत होता, रेघ कळत होती, आणि आपण काय करणार ते कळत होतं.

ते सुहासरावांना बाजूला घेऊन म्हणाले, "जावईबापू, रागावू नका. मला पळवायचं काही नाही. एक अक्षर काढायचं आहे, आणि ते नीट दिसलं पाहिजे. पैसा डोळ्यांपुढच्या वस्तूत घालू या. पेटी साधी असली तरी चालेल. पण पेटीच्या आतलं मला कळत नाही. ते तुम्हीच बघा, नाहीतर मी फसेन."

 सुहासरावांनी त्या झगमगत्या रथाकडे बघितलं आणि त्यांना हसू आलं. "मामा, खरं सांगू? ते मी माझ्यासाठी बघत होतो. तुमची रोहिणी घेऊ देत नाही."

बघा, किती प्रामाणिक माणूस. जावयाला कमी लेखू नका.

मग सुहासरावांनी बाह्या सरसावल्या. एक काळी, बुटकी, गुपचूप बसलेली पेटी निवडली. दुकानदार म्हणाला, "चांगली आहे, जागा भरपूर." सुहासरावांनी विचारलं, "जागा आहे, पण कसली? जुनी फिरती डिस्क आहे की एसएसडी?" निघाली जुनी. म्हणजे चालू केल्यावर चहा पिऊन यावं अशी. "बदलून द्या. जागा कमी चालेल, चटकन उघडलं पाहिजे." मग रॅम पुरेशी आहे ना, उद्या वाढवायला आत मोकळी खाच आहे ना, विंडोज अधिकृत आहे ना, वॉरंटीचं काम सोलापुरातच होतं ना — सगळं विचारलं, पेटी उघडून दाखवायला लावली. सासरे शेजारी उभे राहून असे बघत होते, जसे मघाशी जावई त्यांच्याकडे बघत होते.

पेटी साधी, पडदा देखणा, आणि ठरवल्या पैशांत सगळं बसलं. परतताना मोटारीत पडदा अंबादासांनी मांडीवरच धरला. जावयांनी दोनदा सांगितलं, मागच्या सीटवर ठेवा. नाही म्हणजे नाही.

पुढचं शिकणं काही सोपं नव्हतं. पहिल्या आठवड्यात काढलेलं अक्षर साठवायचं राहिलं आणि गेलं. अंबादास जेवले नाहीत. मालनबाईंनी ताट संगणकाशेजारी आणून ठेवलं आणि म्हणाल्या, "शाळेच्या भिंतीवर पुसलेलं परत काढत होताच की." त्यांनी परत काढलं. फुकट मिळणारं चित्र काढायचं सॉफ्टवेअर नसीमबाईंनी घालून दिलं होतं. अडलं की दुपारी त्यांच्याकडं जायचं, विचारायचं, घरी येऊन करायचं. हात हलायचा, ठिपका हलायचा, बाणाचं बटण त्याला जागेवर आणायचं.

दिवाळीच्या तोंडावर पहिला फलक लागला, त्याच मंगल कार्यालयाचा. रफार आपल्या घरी परतला होता, आणि 'द' ला असा झोक होता की जणू अक्षता टाकायला हात उचललाय. सकाळीच बाजारातून जाणारे एक वयस्कर सराफ खाली थांबले. वर बघत राहिले. समोरच्या टपरीवर अंबादास आणि मालनबाई चहा घेत उभे होते.

सराफ म्हणाले, "हे अक्षर मी ओळखतो. अंबादास, ह्या वयात पुन्हा शिडीवर चढलास?"

"नाही हो," अंबादास म्हणाले. "खुर्चीत बसलो."

मालनबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. सराफांनी तिथल्या तिथं आपल्या दुकानाची पाटी सांगितली. "नाजूक काढ," म्हणाले. "पहिल्यासारखी."

मंडळी, आता तुमच्याकडे वळतो. अंबादासांना यंत्र कळत नव्हतं, त्यानं काही अडलं नाही. आपलं काम काय हे त्यांना कळत होतं, आणि जे कळत नाही ते शेजारच्या जाणत्याला विचारायची त्यांना लाज वाटली नाही. आपलं काय होतं? आपण काचेच्या पेटीपुढं उभे राहतो आणि म्हणतो, देवा, हे दे. त्यानं दिलं, तर त्याचं काय करणार, हे सांगता येतं का आपल्याला? हा देह दिलाय त्यानं, तयार, चालू स्थितीत. ह्या देहानं काय काढायचं ठरवलंय तुम्ही? कुणाच्या दारावरचं चुकलेलं अक्षर नीट करणार आहात?

उत्तर मला नका देऊ, माझ्या मानधनात ते बसत नाही. आता आरती होईल. गाभाऱ्यापुढं उभे राहाल तेव्हा आज मागू नका, आधी सांगा. "देवा, मला हे एवढं काम करायचं आहे," असं सांगा. मग त्या कामाला काय लागतं ते तो बघेल, आणि तो कंजूष नाही.

पेटीवाले बुवा, सूर धरा. उभे राहा मंडळी, हात जोडा.