निळ्या पुस्तकाची सहाशे बारा पानं

नीलकंठकाका! नाव आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगा गोल गोल फिरवून राहिला. फॅक्टरीच्या अकाउंट्समधून रिटायर, आमच्या मराठी वाचनालयाचे चिटणीस, आणि आमच्या बाबांचं हायकोर्ट. जबलपुरात दुसरंही एक हायकोर्ट आहे, पण तिथं निदान वकील तरी करता येतो! गीझर कोणता घ्यायचा, काकांना विचार. मैत्रेयीताईला स्थळ आलं, काकांना विचार. ताईनं शेवटी कोणालाच न विचारता लग्न केलं, सुखात आहे, जाऊ द्या.

तर तुम्हाला सांगतो, मी इंजिनियरिंग सोडलं. तिसऱ्या वर्षाला. काहून सोडलं ते विचारू नका, विचारणारे पुष्कळ होऊन गेले. पण सोडलं म्हणजे पुढच्या फीसाठी आईनं जमवलेले अठ्ठेचाळीस हजार वाचले की नाही? मी म्हटलं, आई, हे मला दे, मी शेअर बाजार शिकतो, थोडे थोडे लावतो, एक वर्ष दे फक्त, नाही जमलं तर तुम्ही म्हणाल तिथं मुकाट्यानं जाऊन बसतो. आई तयार! कपाटातून पाकीट काढलंसुद्धा! आणि तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब. काकांना विचारू."

झालं!

रविवारी वाचनालयात गेलो. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाले, "गौरांग, बाजार म्हणजे पनागरचा मटार नव्हे, की सोलला आणि टाकला तोंडात. त्याचे मोठमोठे ग्रंथ आहेत. क्लासिक! आधी वाच. मग बोल."

म्हटलं, वाचतो ना! सांगा कोणतं! पण असं कसं सांगतील? कमिटी बसली. काका, सराफ्यातले चांदीवाले भय्यासाहेब, आणि रेल्वेतून रिटायर झालेले रामकृष्णजी. चार रविवार, तुम्हाला सांगतो, चार रविवार ही तीन माणसं 'क्लासिक म्हणजे काय' यावर चहा पिऊन राहिली! रामकृष्णजी म्हणे, "जाड पाहिजे. पातळ पुस्तकात काय राहते?" भय्यासाहेब म्हणे, "देखो भैया, लेखक वारलेला पाहिजे. जिवंत माणसाचा काय भरवसा, उद्या म्हणेल मी चुकलो!" मग मी फोनवर एकेक लेखक शोधायचा, हा आहे की गेला? एक पुस्तक जवळजवळ पास झालं होतं, छान, सोपं, दीडशे पानांचं... लेखक निघाला ब्याण्णव वर्षांचा आणि ठणठणीत! "काटो," भय्यासाहेब म्हणाले. त्या म्हाताऱ्याच्या तब्येतीनं माझं नुकसान केलं हो!

शेवटी उरलं ते निळं. सहाशे बारा पानं, इंग्रजी, बारीक टाइप, लेखक कधीचाच वारलेला. काका म्हणाले, "हे म्हणजे पाया!" आता हे निळं काय प्रकरण आहे ते ऐका. आमच्या फॅक्टरीतल्या मराठी मंडळींत रिवाज आहे, कोणी रिटायर झालं की शाल, श्रीफळ आणि हे निळं पुस्तक. काहून, तर फंडाचा पैसा हाती येते, सोबत अक्कलही यावी. म्हणजे घरोघरी आहे ते! शाल पांघरली, नारळाची चटणी झाली, पुस्तक प्लास्टिकच्या पन्नीत बंद. काकांच्या कॉपीची पन्नी तेवढी फाडलेली होती. आत सतरा नंबरच्या पानावर गॅसची पावती. दोन हजार अकराची! म्हणजे काका चौदा वर्षं पान सतरावर मुक्कामाला, आणि मला म्हणतात, आधी वाच!

वाचलं ना मी. खरंच वाचलं. सात महिने. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात फोनची डिक्शनरी, एकेका वाक्यावर दोन दोन चहा. मित्र बोलवून थकले. दर रविवारी काकांकडे तोंडी परीक्षा. "कुठवर आलास?" "तीनशे चाळीस, काका." "हं... घाई नको." ज्याला अठरावं पान माहीत नाही तो म्हणते घाई नको! आणि पैसा? पैसा बाबांच्या ताब्यात. पुस्तक संपल्याशिवाय हात लावायचा नाही.

आणि त्याच दिवसांत, एका दुपारी मी पान चारशे साठवर. धडा कोणता, तर दुसऱ्याच्या सल्ल्यावर पैसा लावू नये! जबरदस्त धडा, मी पेन्सिलीनं खुणा करून राहिलो... आणि बाबा आले, चार कागद पुढे धरले, "इथं सही कर. इथं. आणि इथं." मी म्हटलं, बाबा, डिस्टर्ब नका ना करू! मान वर न करता तीन सह्या ठोकल्या. दारात काकांचे जावई विनयभाऊ उभे होते, मला वाटलं चहाला आले.

पुस्तक संपलं. गेलो रविवारी छाती काढून, बाबांनाही सोबत नेलं. "काका, सहाशे बारा! पैसे द्यायला सांगा बाबांना."

काकांनी चष्मा पुसला. "पैसा तर लागला ना. नुसता पडून होता, विनयनं तुझ्या नावानं पॉलिसी काढून दिली. मीही तीन घेतल्या त्याच्याकडून. वीस वर्षांनी बघ कसा..."

"पॉलिसी? काका, मला विचारलं कोणी?"

"सही कोणाची आहे?"

"...माझी."

"वाचून केली होती?"

चार पानं होती हो. फक्त चार! आणि महिन्याभरात परत करता येते, हे दुसऱ्याच पानावर छापलेलं! महिना केव्हाच उलटला होता.

काका बाबांकडे वळले. दुःखानं, तुम्हाला सांगतो, खऱ्याखुऱ्या दुःखानं म्हणाले, "तूच सांग, मी पोराला पहिल्या दिवसापासून काय सांगून राहिलो? आधी वाच!"

बाबांनी मान हलवली. घरी आलो, आईनं रिकामं पाकीट घडी करून कपाटात ठेवलं.

म्हटल्याप्रमाणे मुकाट्यानं बसलो आहे, सराफ्यात, भय्यासाहेबांच्या दुकानात, दहा ते आठ, पैंजण पुसतो. कोणी विचारलंच तर निळं पुस्तक तोंडपाठ आहे. पॉलिसीचा हप्ता अठ्ठेचाळीस हजार, दर वर्षी, वीस वर्षं. एक भरला आहे.