राधिकाचे मंगळवार-गुरुवार

शैलेंद्र : हे बघ राधिका, तू घरची आहेस म्हणून तोंडावर सांगतो. आज स्कूल बोर्डाच्या मीटिंगला मी बोलणार म्हणजे बोलणार.

राधिका : बोला ना, काका. पब्लिक कमेंटमध्ये कोणालाही तीन मिनिटं बोलता येतं. फक्त ‘पगार घेऊन शाळा बुडवते’ हे वाक्य काढा. प्लीज.

शैलेंद्र : का काढू? मंगळवार-गुरुवार तुझ्या सेव्हन्थ ग्रेडच्या मॅथ्सला सब्स्टिट्यूट टीचर असतो की नाही?

राधिका : असतो.

शैलेंद्र : आणि ते दोन दिवस तू टीचर्स युनियनची प्रेसिडेंट म्हणून फिरतेस. पगार मात्र स्कूल डिस्ट्रिक्टचा, म्हणजे आमच्या प्रॉपर्टी टॅक्सचा. शिकागो सोडून इकडे घर घेतलं ते शाळा बघून, सब्स्टिट्यूट बघून नाही! आमच्या ऑफिसात प्रत्येक तास कुठल्यातरी क्लायंटच्या नावावर टाकावा लागतो. ज्याचं काम, त्याला बिल.

राधिका : पण क्लायंट कोण, तेच तर भांडण आहे ना. टीचरविरुद्ध कंप्लेंट आली की मीटिंग डिस्ट्रिक्टच ठरवतं, शाळेच्या वेळात. मी गेले नाही तर तो माणूस एचआरसमोर एकटा बसतो. मग चूक होते, वकील येतात. तो खर्च कोणाचा?

शैलेंद्र : भाषण नको. एक उदाहरण दे. या वर्षी या दोन दिवसांत तू नक्की काय केलंस?

राधिका : नाही देता येणार.

शैलेंद्र : बघ!

राधिका : कॉन्फिडेन्शियल असतं, काका. नाव सोडा, शाळासुद्धा नाही सांगू शकत.

शैलेंद्र : छान. झाकली मूठ सव्वा लाखाची. हेही सांगतो आज बोर्डाला.

राधिका : काकू, मी निघते.

दीपा : बस गं. चहा ठेवलाय. उदाहरण मी देते याला.

राधिका : काकू, नको. यू डोन्ट हॅव टू.

दीपा : माहितेय. शैलेंद्र, ऑक्टोबरमध्ये माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आईनं प्रिन्सिपलना लिहिलं. मुलाला माझं इंग्लिश कळत नाही म्हणे. इतकी वर्षं फोर्थ ग्रेडला शिकवतेय, पण मग वर्गात मागे बसून कोणीतरी माझे उच्चार टिपून घ्यायला लागलं. पुढच्या वर्षी मला ठेवायचं की नाही, यावर मीटिंगा झाल्या. सगळ्या मंगळवारी.

शैलेंद्र : काय बोलतेयस तू?

दीपा : ही शेजारी बसायची. माझ्याऐवजी एकदाही बोलली नाही, बरं का. मी अडखळले की थांबायची. एचआरची बाई मध्ये बोलायला लागली की म्हणायची, “शी इजन्ट डन.” एवढंच.

शैलेंद्र : आणि मला सांगितलं नाहीस? अगं, मी वकील बघितला असता, स्वतः जाऊन बोललो असतो त्यांच्याशी...

दीपा : म्हणूनच नाही सांगितलं. बँकेचा फोन असतो, पलीकडचा “सॉरी?” म्हणतो, की तुझा हात पुढे येतो. आणि मी मुकाट फोन देते. हे मला तुझ्या हातात द्यायचं नव्हतं.

(चहा उतू जातो. शैलेंद्र उठून गॅस बंद करतो आणि ओट्याशीच उभा राहतो.)

शैलेंद्र : शेवटी काय ठरलं?

राधिका : काकू पुढच्या वर्षीही फोर्थ ग्रेडलाच आहे.

शैलेंद्र : थँक्स, राधिका. मनापासून. पण माझं म्हणणं बदलत नाही. मुलांनी आठवड्यातले दोन दिवस सब्स्टिट्यूटपुढे का बसायचं? तुझ्या जागी कायमचा टीचर नेमा, आणि तुझा पगार युनियननं वर्गणीतून द्यावा.

राधिका : फेअर. ते म्हणा. मी त्याला उत्तर देईन. ‘बुडवते’ तेवढं काढा.

शैलेंद्र : काढलं.

दीपा : आज मीही बोलणार आहे. ऑनलाइन साइन-अप केलंय. तुझ्यानंतर माझंच नाव आहे.

शैलेंद्र : तू? दीपा, अगं सगळं रेकॉर्ड होतं तिथे. लिहिलंयस का काही? आण, मी एकदा नजर टाकतो...

दीपा : आला बघ हात पुढे.

शैलेंद्र : ...सॉरी.

दीपा : चल, गाडी काढ, उशीर होतोय. आणि तुझं बोलून झालं की माईक सोडून जागेवर ये. मी अडखळले, तर नुसता थांब.