सगळ्यात कमी पाणी कुणाचं?

ऐका ना, मुलुंडच्या एका सोसायटीत मी घरोघरी पाण्याचे मीटर बसवले होते. परदेशात शिकून आलेले एक सर तिथे प्रयोग करत होते. ते म्हणाले, “कोण किती पाणी वापरतं, याची यादी जिन्यात लाव. तिकडे शेजाऱ्याचा आकडा बघितला की लोक आपला वापर कमी करतात.” मी नववीत शाळा सोडलेली, काय बोलणार? लावली.

सगळ्यात कमी पाणी चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या सावंतकाकूंचं निघालं. सर खूश! संध्याकाळी बघतो, तर काकूंच्या दारात शेजारणी भरलेल्या बादल्या घेऊन उभ्या.

“अहो काकू, एवढ्याशा पाण्यात आंघोळ करता की नुसतं डोळ्यांना लावता?”

“नळाला धारच नाही गं. रोज कुणाला त्रास द्यायचा?”

मी पाइप खोलला. गंजून पार बुजला होता. दुसरा टाकला, तसं पाणी धो धो आलं.

सरांनी फोनवर विचारलं, “वापर कमी झाला का?”

“काकूंचा वाढला, सर,” मी घाबरतच सगळं सांगितलं.

सर म्हणाले, “जिन्यातली यादी काढून टाकू नकोस. अजून कुणाचा नळ बंद असेल, तर या बायका शोधून काढतील.”